नेपियर लावलं, दोन कापण्या झाल्या आणि मोडलं: दोन-तीन गायींच्या गोठ्यात सुधारित चारा टिकवायचा कसा?

वाडीवस्ती_माण

नमस्कार मंडळी,

माण तालुक्यातल्या काही वाड्या-वस्त्यांवर ४० दूध उत्पादक कुटुंबांसोबत चाऱ्याचं काम चालू आहे. प्रत्येकाकडे दोन-तीन संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी, जमीन दोन ते चार एकर. विहिरी आहेत, पण फेब्रुवारी उलटला की मोटर तासाभरात हवा ओढायला लागते. गेल्या जुलैत फुले जयवंत या संकरित नेपियर गवताच्या वाणाचं बेणं मोफत वाटलं. सगळ्यांनी लावलं, उगवण चांगली झाली. आता निम्म्याहून जास्त ठिकाणी ते मोडून कांदा किंवा मका केलेला आहे.

कारणं विचारली तर चार गोष्टी ऐकायला मिळतात. गवत टाकलं की शेण पातळ होतं आणि डेअरीत फॅट उतरतो. कापायला, वाहून आणायला माणूस नाही. थंडीत वाढत नाही आणि उन्हाळ्यात वाळतं, म्हणजे गरजेला नसतंच. आणि चौथी, सगळ्यात मोठी: दूध वाढलं नाही, पेंड कमी झाली नाही, मग पाच गुंठे अडवायचे कशाला?

प्रशिक्षणं झाली, शिवारफेरी झाली, माहितीपत्रकं वाटली. यंदा पुन्हा बेणं वाटायच्या आधी विचारतो: कुठे चुकतंय?

---

दावण

दादा, त्यांची चारही कारणं खरी आहेत. ती अडाणीपणाची नाहीत, हे आधी धरून चाला.

पहिल्या कारणापासून सुरू करू. गवत पहिल्यांदा कापणीला येतं तेव्हा एकदम भरपूर येतं. कालपर्यंत कडबा खाणाऱ्या गायीपुढे आज २५ किलो कोवळं नेपियर पडतं. पोटातले जिवाणू एका रात्रीत बदलत नाहीत. शेण पातळ होणार, तंतुमय वैरण कमी पडल्यामुळे रवंथ कमी होणार आणि फॅट दोन दिवसांत खाली येणार. डेअरीची पावती दिवसातून दोनदा हातात पडते. तिसऱ्या पावतीलाच गवत दोषी ठरतं. बदल ८ ते १० दिवसांत करायचा: पहिले तीन दिवस चौथा हिस्सा, पुढचे तीन दिवस अर्धा, मग पाऊण. आणि हिरवं कितीही असलं तरी दिवसाला ४ किलो कडबा सुटता कामा नये. हे एवढं वाक्य बेण्याच्या प्रत्येक मोळीबरोबर जायला हवं होतं.

आता चौथं कारण. दूध का वाढलं नाही? कारण गवत हे बहुतेकदा आधीच्या वैरणीवर भर म्हणून पडलं, हिशेबात बसलंच नाही. गायीचं वजन आधी काढा. वजनकाटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत वजन. घेर ६८ आणि लांबी ५७ असेल तर साधारण ४०० किलो.

४०० किलोची, १२ लिटर देणारी गाय धरली तर तिला दिवसाला १३ किलोच्या आसपास शुष्क पदार्थ (चाऱ्यातलं पाणी वगळून उरणारा भाग) लागतो. तो असा बसतो: नेपियर १५ किलो (त्यात शुष्क फक्त ३), लसूण घास म्हणजे ल्युसर्न ६ किलो (शुष्क १.२), कडबा साडेचार किलो (शुष्क ४), पेंड साडेपाच किलो (शुष्क ५ च्या आत). पेंडीचा ठोकताळा म्हणजे शरीरासाठी दीड किलो आणि दर ३ लिटर दुधाला १ किलो.

यात पेंड कमी करणारी वस्तू नेपियर नाही, लसूण घास आहे. ५-६ किलो लसूण घासातून साधारण एक किलो पेंडीइतकी प्रथिनं मिळतात. ऊर्जा तेवढी मिळत नाही, म्हणून पेंड एकदम किलोभर तोडायची नाही. अर्धा किलो कमी करा, आठ दिवस पावत्या बघा, मगच पुढचा अर्धा. तुम्ही नुसतं नेपियर वाटलंत आणि पेंड कमी होईल असं सांगितलंत. ते होणारच नव्हतं.

पण खरं सांगायचं तर मी चाऱ्यापासून सुरुवातच केली नसती. ज्याला जमीन लागत नाही आणि ज्याचा फरक आठवड्यात दिसतो, ते आधी. माझा क्रम असा असेल:

पाणी. दावणीला बांधलेल्या गायीला दिवसातून दोनदा बादली दाखवतात. दूध देणाऱ्या गायीला दिवसाला ६०-८० लिटर लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. २०० लिटरचा प्लास्टिक ड्रम उभा कापून दोन गायींच्या मध्ये सावलीत बसवा, रात्रीसुद्धा भरलेला ठेवा, आठवड्याला घासून आतून चुना मारा. चार-पाच दिवसांत पावतीवर काही ना काही दिसतंच. यानंतर तो शेतकरी तुमचं दुसरं वाक्य ऐकतो.

कुट्टी. अख्ख्या पेंढ्या टाकल्या तर गाय पाला ओढते, धाटं पायाखाली जातात, सहज तिसरा हिस्सा वाया. इंचभर कुट्टी केली की तोच कडबा महिनाभर जास्त पुरतो. पीठ होईल इतकी बारीक मात्र नको, रवंथच होत नाही. पाच-सहा घरांत एक २ एचपीचं यंत्र पुरतं, पण ते कोणाच्या गोठ्यात आणि वीजबिल कोण भरणार हे यंत्र यायच्या आधी ठरवा. पट्ट्यावर जाळीचं झाकण हवंच, साडीचा पदर त्यात अडकतो.

मग खनिज मिश्रण, रोज ५० ग्रॅम. आणि मग चारा.

---

बांधावरची_शेवरी

दावण यांच्या क्रमाशी सहमत. मी शेतातल्या बाजूचं लिहिते.

पाच गुंठे हा आकडा कुठून आला? पाणी बरं असेल तर एका गायीला ५ गुंठे नेपियर आणि २ गुंठे लसूण घास लागतो. जाहिरातीत एकरी १०० टनांचे आकडे असतात, सोडून द्या. चांगल्या निगराणीत गुंठ्याला वर्षाचं एक-सव्वा टन धरा, म्हणजे हिशेब फसत नाही. तीन गायींना पाच गुंठे दिले तर ते गवत आठ दिवसांत संपतं, पुढचे महिनाभर काही नाही, परत आठ दिवस गवत. दर वेळी गायीचं पोट बिघडतं. म्हणजे ‘गवत लागत नाही’ ही तक्रार तुमच्या आकड्यातूनच आली. पाचच गुंठे शक्य असतील तर सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या एकाच गायीला द्या. तुलनेला बाकीच्या दोन शेजारीच उभ्या असतात.

लागवड: ९० बाय ६० सेंमी, गुंठ्याला १८५ ते १९० दोन-डोळ्यांच्या कांड्या. तीन महिन्यांच्या ताटाचा खालचा दोन-तृतीयांश भाग बेण्याला घ्या, शेंड्याकडचा घेऊ नका. कांडी तिरपी, एक डोळा मातीत, एक वर. बेणं तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत मातीत जायला हवं, तोवर ओल्या गोणपाटाखाली सावलीत. टेम्पोतून वाटलेलं बेणं अनेकदा बांधावरच सुकतं आणि वाणाला नावं ठेवली जातात. भारी काळ्या जमिनीत सरीच्या बगलेला लावा, पावसाळ्यात ठोंबाशी पाणी साचलं की बुडखा कुजतो.

पहिली कापणी ६० ते ७५ दिवसांनी, पुढच्या दर ४०-४५ दिवसांनी, जमिनीपासून १०-१५ सेंमी ठेवून, धारदार विळ्याने. बोथट विळ्याने बुडखा चिरतो आणि फुटवे कमी येतात. दर कापणीनंतर गुंठ्याला अर्धा किलो युरिया, पाण्याबरोबर. त्याहून जास्त देऊ नका, का ते डॉक्टर सांगतीलच. ‘अजून वाढू दे, वजन भरेल’ म्हणून ८०-९० दिवस ठेवलेलं गवत म्हणजे ऊसच: धाट टणक, पाला वाळलेला, प्रथिनं जवळपास निम्म्यावर. गाय शेंडा खाते, बुडखे गव्हाणीत राहतात.

मोठा चुकीचा प्रकार म्हणजे अख्खा तुकडा एका दिवशी कापणं. शेताचे पट्टे पाडा. १५ गुंठे आणि ४५ दिवस म्हणजे रोज गुंठ्याचा तिसरा हिस्सा. ४५ खुंट्या नको, नऊ पट्टे पाडा, एक पट्टा पाच दिवस. शेवटच्या पट्ट्यापर्यंत गेलात की पहिला तयार.

तिसऱ्या कारणाबद्दल. नेपियर थंडीत थांबतं, हा त्याचा स्वभाव आहे, निगराणीचा दोष नाही. डिसेंबर-जानेवारीत ४५ चे ६०-६५ दिवस होतात. ती फट लसूण घास भरतो, त्याला थंडीच आवडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा, आरएल-८८ किंवा आनंद-२ वाण, एकरी १० किलो म्हणजे गुंठ्याला पाव किलो, ३० सेंमीवर ओळी, बियाण्याला रायझोबियम (जिवाणू खत) लावून. पहिली कापणी ५०-६० दिवसांनी, मग दर २५-३० दिवसांनी. बियाणं खात्रीचं घ्या. सुट्या बियाण्यातून अमरवेल येते आणि एकदा पिवळे दोरे दिसले की तेवढा भाग घासासकट कापून जाळण्यावाचून उपाय नाही.

उन्हाळ्यात पाणी तासभरच असेल तर सगळ्या १५ गुंठ्यांना थोडं-थोडं दाखवू नका. पाच गुंठ्यांना नीट द्या, बाकीचं सोडा. ठोंब मरत नाहीत, वळवाच्या पावसाला परत फुटतात. हे आधी सांगितलेलं नसलं की वाळलेलं गवत बघून लोक नांगर घालतात, तुमच्याकडे बहुधा तेच झालंय.

आणि ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यात थेंब नसतो त्यांना नेपियर देऊच नका. त्यांच्यासाठी बांधाला शेवरी, दशरथ घास, पडीक तुकड्यावर फुले मारवेल ०६-४० आणि त्यात स्टायलो (फुले क्रांती). उत्पादन कमी, पण पावसावर टिकणारं. बांधाला नेपियर मात्र नको, त्याची मुळं शेजारच्या शेतात तीन-चार फुटांपर्यंत काही येऊ देत नाहीत आणि भाऊबंदकी सुरू होते ती वेगळीच.

---

पशुवैद्य_खटाव

युरियाचं कारण: जास्त नत्र दिलेल्या, कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेट आणि नायट्रेट दोन्ही वाढतात. ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. महिनोन्‌महिने मुख्य चारा नेपियर आणि खनिज मिश्रण शून्य, अशा गोठ्यात व्यायल्यावर गाय बसते, माजावर येत नाही, भरवली तरी गाभ न राहता उलटते. म्हणजे ५० ग्रॅम खनिज मिश्रण नेपियरबरोबर सक्तीचं समजा. कॅल्शियमची बाटली हा त्याला पर्याय नाही.

लसूण घास ओला, दव असलेला, उपाशी पोटी घातला की पोटफुगी. सकाळी कापून चार-पाच तास सुकवा, आधी कडबा, मग घास, आणि कुट्टीत मिसळून. डाव्या कुशीचा ढोल झाला तर वाट बघू नका.

दुष्काळी पट्ट्यासाठी तिसरा इशारा: ताण बसलेली, खुरटलेली किंवा कापणीनंतर फुटलेली कोवळी ज्वारी घालू नका. फुलोऱ्याआधी तिच्यात हायड्रोसायनिक आम्लाचा धोका असतो. जनावर धापा टाकतं, थरथरतं आणि अर्ध्या तासात दगावू शकतं. उतारा शिरेतून द्यावा लागतो, घरगुती काही चालत नाही. ५० टक्के फुलोऱ्यानंतरच कापा.

अजून एक. दूध मोजायच्या प्रयोगाआधी शेणाची तपासणी करून जंताचं औषध द्या. पोटात जंत, सडात सुप्त दगडी (वरून न दिसणारा कासदाह), आणि आपण गवताचा गुण तपासतोय, असं होतं.

---

वाडीवस्ती_माण

डॉक्टरसाहेब, ताई, दावणदादा, मनापासून आभार. पाच गुंठ्यांचा आकडा बेणं किती उपलब्ध होतं त्यावरून ठरला होता, कबूल.

दोन प्रश्न. एक, फेब्रुवारी ते जून ही खरी अडचण आहे. गावात सामाईक मुरघास (हिरवा चारा हवाबंद दाबून मुरवलेला) खड्डा घ्यावा असा आग्रह आहे. चालेल का? दोन, ज्यांच्याकडे कडब्याशिवाय काहीच नाही त्यांनी युरिया प्रक्रिया (युरियाच्या पाण्यात कडबा मुरवणं) करावी का? लोक युरियाचं नाव काढलं की घाबरतात.

---

दावण

खड्डा नको. गणित बघा. खड्डा उघडला की तोंडाचा किमान सहा इंच थर रोज काढावा लागतो, नाहीतर हवा आत शिरून बुरशी येते. दीड मीटर रुंद, एक मीटर खोल तोंड धरलं आणि घनमीटरला साडेपाचशे किलो, तर रोज सव्वाशे किलो निघायला हवं. तीन गायींना ३० किलो लागतं. सामाईक केला तर चार-पाच घरांनी रोज ठरल्या वेळी येऊन तोलून न्यायला हवं, आणि ते आषाढी एकादशीलासुद्धा. एक टनाच्या पिशवीलाही तेच लागू: दोन गायींना ती ५० दिवस पुरते, म्हणजे निम्मी खराब होते.

लहान गोठ्याला ५० किलोच्या पिशव्या, आत प्लास्टिकची जाड पिशवी, बाहेर गोणी. एक पिशवी दीड-दोन दिवसांत संपते. १२० दिवस गुणिले ३० किलो म्हणजे ३.६ टन, ७२ पिशव्या. त्यासाठी आफ्रिकन टॉल मका ९-१० गुंठे पुरतो, एकरी ३० किलो बी. जुलैत पेरणी, ८०-८५ दिवसांनी सप्टेंबरअखेर कापणी, म्हणजे विहिरीला पाणी असतानाच उन्हाळ्याची सोय होते. दाणा नखाने दाबल्यावर दूध उडू नये, घट्ट चीक यावा, ती वेळ. लष्करी अळीसाठी फवारणी केली असेल तर औषधाच्या लेबलवरचे थांबण्याचे दिवस पाळा.

कुट्टी दोन सेंमीच्या आत. मूठभर घेऊन घट्ट दाबा: गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर झाला तर भरा. पाणी ठिबकलं तर काही तास सुकवा. गोळा लगेच फुटला तर उशीर झालाय, थोडं पाणी शिंपडून जास्त दाबून भरा. चार-चार इंचांचे थर, प्रत्येक थर पायाने तुडवून, कोपरे खास करून. कोपऱ्यातच हवा राहते. तोंड पिळून, दुमडून सुतळीने आवळा. ४५ दिवस हात लावू नका. उघडल्यावर पिवळसर-हिरवा रंग आणि आंबूस-गोड वास हवा. काळपट, सडक्या लोण्यासारखा वास येणारं किंवा बुरशीचं असेल तर ते उकिरड्यावर, गाभण गायीला तर अजिबात नाही.

पिशव्यांचा शत्रू उंदीर. जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी.

नेपियरचा मुरघास नवख्याने करू नये. पाणी ८० टक्के, साखर कमी, घाण वास येतो आणि मग मुरघास या शब्दावरूनच मन उडतं.

---

पशुवैद्य_खटाव

युरिया प्रक्रियेबद्दल. करावी, पण लोकांची भीती राहू द्या, ती उपयोगाची आहे. १०० किलो कडब्याची कुट्टी, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, एकही खडा नको. प्लास्टिकवर कुट्टीचा थर, त्यावर झारीने द्रावण, दाबून दुसरा थर. हवाबंद झाकून २१ दिवस. खायला घालण्याआधी तासभर पसरून अमोनियाचा उग्र वास जाऊ द्या. सुरुवात एक किलोपासून. सहा महिन्यांखालच्या वासरांना, घोड्याला, आजारी जनावराला नाही. उरलेलं द्रावण उघड्या बादलीत राहिलं आणि तहानलेल्या गायीने प्यायलं, की विषबाधा ठरलेली. ते लगेच उकिरड्यावर ओता. ‘पेंडीत चिमूटभर युरिया’ हा सल्ला कुठे ऐकलात तर तिथेच थांबवा.

---

गोठा_नवा

मधेच विचारतो, जमीनच कमी आहे तर हायड्रोपोनिक (मातीशिवाय ट्रेमध्ये मोड आणून वाढवलेला) मका किंवा अझोला (पाण्यावर तरंगणारं शेवाळासारखं नेचं) का नको? एक किलोचे सहा किलो होतात म्हणे.

---

दावण

पाच किलो वाढ ही पाण्याची आहे, भाऊ. मोड येताना बी स्वतःची साखर जाळतं, म्हणून शुष्क पदार्थ सुरुवातीपेक्षा थोडा कमीच भरतो. तोच मका भरडून घातलात तर ट्रे, सावलीची जाळी आणि बुरशीची काळजी वाचते. अझोलात ९०-९५ टक्के पाणी. कोंबड्यांना ठीक आहे, १२ लिटरच्या गायीचं पोट त्याने भरत नाही.

---

बांधावरची_शेवरी

मूळ प्रश्नातलं दुसरं कारण राहिलं: कापायला माणूस नाही. इथे ‘माणूस’ म्हणजे बाई. गवत कापणं, भारा आणणं, कुट्टी, शेण हे सगळं तिच्या अंगावर, आणि प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर सह्या कोणाच्या? डेअरीचं बिल ज्याच्या खात्यात जमा होतं त्याच्या. नेपियर घरापासून लांबच्या तुकड्यात लावलं तर तिचा रोजचा तासभर वाढतो. म्हणून जागा निवडताना पहिली अट, गोठ्यापासून शंभर-दीडशे पावलांत. गोठ्याचं सांडपाणी तिकडेच वळवलं तर खतही वाहायला लागत नाही. बैठक वस्तीवर, गोठ्यातच, दुपारी दोन ते चार. सकाळी धार आणि डेअरी, संध्याकाळी परत तेच, कोणी येणार नाही. बचत गटाच्या बैठकीला जोडलीत तर वेगळं बोलावणंही लागत नाही.

मोफत बेणं बंद करा. उसनं द्या: दोनशे कांड्या आज, पुढच्या हंगामात चारशे परत, त्या शेजाऱ्याला. परत द्यायचं असलं की ठोंब जपले जातात, आणि बेणं टेम्पोतून न येता त्याच वस्तीत ताजं मिळतं.

यंदा ४० घरं एकदम घेऊ नका. प्रत्येक वस्तीवर एक घर, एक गाय. गव्हाणीच्या भिंतीवर खडूने पाच रकाने: तारीख, लिटर, फॅट, पेंड किलो, चारा काय. पहिले दहा दिवस काहीही न बदलता नुसतं लिहा, मग पाण्याचा ड्रम, मग कुट्टी, मग घास. एका वेळी एकच बदल. पाऊस भिंतीवर येत असेल तर पत्र्याच्या आतल्या बाजूच्या खांबावर लिहायला सांगा.

---

वाडीवस्ती_माण

घास पेरायला ऑक्टोबर आहे, तोवर ड्रम आणि कुट्टीच होईल. सहा वस्त्या, सहा गायी. ताई, उसन्या बेण्याची नोंद बचत गटाच्याच वहीत ठेवली तर चालेल ना?

---

बांधावरची_शेवरी

चालेल. फक्त कांड्या मोजून लिहा. मोळ्या लिहू नका, प्रत्येकाची मोळी वेगळी असते.